हरणाच्या शिकारीसाठी पहिलं ट्री स्टँड: लॅडर, क्लायंबर, हँग-ऑन की सॅडल?

नमस्कार,

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या उत्तरेला राहता, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झालाय, परवाना हातात आलाय आणि येत्या ऑक्टोबरात धनुष्याने व्हाइटटेल हरणाची पहिली शिकार करायची आहे. ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांची चाळीस एकर जमीन आहे, निम्मी शेती, निम्मं रान. शिवाय जवळच्या स्टेट गेम लँडवर, म्हणजे राज्याच्या मालकीच्या, शिकारीला खुल्या असलेल्या रानातही जायची इच्छा आहे. वजन 105 किलो, डावा गुडघा कुरकुरतो, लहानपणानंतर झाडावर कधी चढलेला नाहीत. एकच ट्री स्टँड, म्हणजे झाडावर उंच बसून शिकार करायची बैठक, घ्यायचं तर क्लायंबर घेऊ की लॅडर, असं विचारताय, आणि व्हिडिओत तर जो तो सॅडल घ्या म्हणतो म्हणून गोंधळ झालाय.

उत्तर आधी देऊन टाकते. पहिल्या हंगामात मित्राच्या जमिनीवर लॅडर (शिडीचं) स्टँड लावा आणि गेम लँडवर खाली जमिनीवरच बसा. पैसे मात्र स्टँडच्या आधी हार्नेस (अंगावर घालायचे सुरक्षा पट्टे) आणि लाइफलाइन (झाडाला बांधायची सुरक्षा दोरी) यांवर खर्च करा. असं का, ते सविस्तर सांगते, कारण तुमची परिस्थिती थोडी जरी वेगळी असती तरी माझं उत्तर बदललं असतं.

दुकानातल्या खोक्यावर वजन, उंची आणि आसनाची रुंदी छापलेली असते. स्टँडची निवड ठरते ती मात्र तीन गोष्टींवर: तिथलं झाड कसं आहे, त्या झाडापर्यंत अंधारात आवाज न करता कसं पोहोचणार, आणि चढणाऱ्याचं शरीर काय म्हणतंय. नवीन माणूस बहुतेक वेळा स्टँड आधी घेतो आणि त्याला बसेल असं झाड नंतर शोधत फिरतो. मग झाड चांगलं मिळतं, पण ते हरणांच्या वाटेपासून लांब, किंवा वाटेवरचं झाड मिळतं पण ते वाकडं.

आधी झाडांबद्दल बोलू. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या रानात ओक, मेपल, ब्लॅक चेरी, ट्युलिप पॉप्लर, हिकरी, बीच असं सगळं मिसळलेलं असतं. आणि ॲश असतात, म्हणजे त्यांचे सांगाडे असतात. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2007 पर्यंत आपल्या राज्यात पोहोचला आणि ॲशची झाडं सरसकट वाळवत गेला. मेलेला ॲश दिसायला सरळसोट, फांद्या कमी, स्टँडसाठी बनवल्यासारखा दिसतो. पण तो ठिसूळ असतो आणि वरून केव्हा मोडेल याचा भरवसा नाही. त्याला हातही लावू नका, आणि शेजारच्या चांगल्या झाडावर बसणार असाल तर मेलेला ॲश आपल्या अंगावर येण्याइतका जवळ नाही ना, हे मान वर करून बघा. साल सुटून पडलेली, बुंध्यावर अळंबी उगवलेली, शेंड्याला पानं नाहीत, अशी कोणतीच झाडं नकोत. झाड बघायला उन्हाळ्यातच जा. पानं गळल्यावर जिवंत आणि मेलेलं झाड लांबून सारखंच दिसतं.

आता क्लायंबर. याचे दोन भाग असतात, वरचा बसायचा आणि खालचा पाय ठेवायचा. दोन्ही भागांची केबल किंवा पट्टा खोडाभोवती गुंडाळायचा, मग आधी वरचा भाग उचलायचा, त्यावर भार टाकायचा, पायांनी खालचा भाग ओढून घ्यायचा, असं करत खोडावरून वर सरकायचं. वजन साधारण 20 पौंडांच्या आसपास, पाठीवर टाकून रानात कुठेही नेता येतो. सार्वजनिक जमिनीवर फिरतीची शिकार करणाऱ्यांना तो आवडतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याला हवं तसं झाड दर वेळी मिळत नाही: खोड सरळ, 20 फुटांपर्यंत फांदी नाही, व्यास साधारण 8 ते 20 इंच, साल धड. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे पापुद्रे स्टँडच्या दातांखाली निघून येतात, बीचची गुळगुळीत साल पावसात निसरडी होते. गेम लँडवर झाडाला इजा करता येत नाही, म्हणजे आड येणारी फांदी छाटून टाकू, हा विचारही करायचा नाही.

क्लायंबरची एक बारीक गोष्ट शिकायला वेळ लागतो. खोड वर जाताना निमुळतं होत जातं, पण केबलचं माप तुम्ही खाली जमिनीवर पक्कं केलेलं असतं. त्यामुळे बुंध्याशी प्लॅटफॉर्म सपाट लावला, तर 18 फुटांवर त्याची बाहेरची कड खाली झुकते आणि तुम्ही उतारावर उभे असल्यासारखे होता. म्हणून सुरुवातच बाहेरची कड वर उचलून करायची असते, म्हणजे वर पोहोचेपर्यंत तो सपाट होतो. किती उचलायची, हे झाड किती निमुळतं आहे त्यावर अवलंबून, आणि तो अंदाज सरावानेच येतो. वर गेल्यावर केबल सोडून माप बदलण्याचा प्रकार कधीही करू नका. खाली उतरा, माप बदला, पुन्हा चढा. दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधलेले हवेत, नाहीतर पाय उचलताना खालचा भाग सुटून घसरत जमिनीवर जातो आणि माणूस वरच्या भागावर अडकून बसतो. हे सगळं पहाटेच्या अंधारात, जाड कपड्यांत करायचं. प्रत्येक टप्प्याला गुडघे वाकवून स्टँड ओढावं लागतं. तुमच्या गुडघ्याचं वाचल्यावर पहिल्या वर्षी क्लायंबर नको, असं माझं स्पष्ट मत झालं.

हँग-ऑन म्हणजे छोटा प्लॅटफॉर्म आणि आसन, जे पट्ट्याने किंवा साखळीने झाडाला टांगतात, आणि चढायला तीन-चार क्लायंबिंग स्टिक्स, म्हणजे पायऱ्या असलेल्या छोट्या दांड्या, खोडाला बांधतात. हे जवळपास कुठल्याही झाडावर बसतं, वाकड्या, फांद्या असलेल्यासुद्धा. फांद्या असलेलं झाड तर उलट बरं, कारण मागे आडोसा मिळतो. माझ्या स्वतःच्या बऱ्याचशा जागा हँग-ऑनच्याच आहेत. पण ते टांगताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणजे लाइनमनचा पट्टा खोडाभोवती घालून, त्यावर मागे रेलून, एका हातात स्टँड आणि दुसऱ्या हातात पट्टा असं काम करायचं. नंतर स्टिकवरून प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकायचं ती जागा सगळ्यात वाईट. बरेचसे अपघात बसलेलं असताना होत नाहीत, ते चढता-उतरताना आणि असं इकडून तिकडे पाऊल टाकतानाच होतात. म्हणून शेवटची स्टिक प्लॅटफॉर्मच्या वरपर्यंत न्या. वर चढून खाली पाऊल ठेवणं सोपं, लटकत वर उचलणं अवघड. हे काम पहिल्यांदा कुणा अनुभवी माणसाला सोबत घेऊनच करा.

सॅडल म्हणजे कमरेला-मांडीला घातलेली झोळी. तुम्ही टेदरने, म्हणजे आखूड जोडदोरीने, झाडाला बांधलेले असता, पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर आणि तोंड झाडाकडे. वजन नगण्य, झाडाची अट फारशी नाही, नियमाने वापरलं तर तुम्ही सतत दोरीवर असता. मी सॅडलच्या विरोधात नाही, दोन-तीन हंगाम झालेल्या, सडसडीत, रोज नव्या जागी जाणाऱ्या माणसाला मी तेच सुचवते. पण त्यात गुडघे तासन् तास झाडाला टेकलेले राहतात, सगळा भार दोऱ्या, गाठी आणि कॅरॅबिनर (झडपेची धातूची कडी) यांच्या समजेवर असतो, आणि बाण मारायला शरीर झाडाभोवती फिरवावं लागतं. घरामागच्या झाडावर जमिनीपासून दोन फुटांवर महिनाभर सराव केला तरच ते अंगवळणी पडतं. व्हिडिओत हा महिना दिसत नाही.

ट्रायपॉड (तिपाई स्टँड) आणि खांबांवरच्या बॉक्स ब्लाइंडचं (बंद खोपटाचं) इथे काही सांगत बसत नाही. ती दक्षिण टेक्सासच्या झुडपी रानाची सोय आहे, जिथे चढण्याजोगी झाडंच कमी.

राहिलं लॅडर. पोलादी शिडी आणि वर आसन, 15 ते 20 फूट उंच. उघड तोटे दोन: जड असतं, आणि एकदा लावलं की हंगामभर तिथेच. पण चाळीस एकरांच्या खाजगी जमिनीवर, जिथे निम्मी शेती आहे, हा तोटा फार जाणवत नाही. हरणं रानातून शेताकडे जातात त्या वाटा अशा जागी बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. मित्राच्या वडिलांना विचारा, ट्रॅक्टरवरून रोज संध्याकाळी काय दिसतं हे त्यांना पाठ असेल. रानाची कड, ओढ्याचा उतार आणि एखादा फळलेला व्हाइट ओक असं एकत्र येत असेल तिथे जागा शोधा. व्हाइट ओकची फळं हरणं आधी शोधतात, रेड ओकची कडवट असतात, ती नंतरही पडून राहतात.

तुमचं वजन 105 किलो म्हणजे 231 पौंड. बहुतेक स्टँडची मर्यादा 300 पौंड असते आणि त्यात बूट, जाड कपडे, पाठीवरची पिशवी, धनुष्य सगळं मोजायचं. तुम्ही मर्यादेत बसता, पण स्वस्तातलं आणि 250 पौंडांचं काही दिसलं तर हात लावू नका. ही मर्यादा हार्नेसलाही असते, तीही बघा.

लॅडर लावायला तीन माणसं हवीत. शिडी आडवी ठेवून पूर्ण जोडा, प्रत्येक जोडाची पिन बसली का ते बघा, मग उभी करा. पायथा जमिनीत घट्ट रुतवा, उतारावर असेल तर माती काढून सपाट करा, खाली दगड-लाकडाचं टेकू देऊ नका. शिडीच्या मध्यावरचा आधारदांडा खोडाला पट्ट्याने बांधा. आता सगळ्यात धोक्याचा क्षण: वरचा रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा पट्टा) अजून लागलेला नाही आणि तो लावायला कुणीतरी वर जायचं आहे. काही नव्या स्टँडना खालूनच दोरी ओढून खोडाला पकडणारा जबडा असतो. जास्तीचे पैसे मोजायचे तर मी त्यावर मोजेन, गुबगुबीत आसनावर नाही. तसा नसेल तर दोघांनी शिडी खोडाला दाबून धरायची, आणि चढणाऱ्याने हार्नेस घालून, लाइनमनचा पट्टा खोडाभोवती ठेवूनच जायचं. पट्टा बांधून झाला की त्याच फेरीत लाइफलाइन बांधून खाली या.

ही लाइफलाइन म्हणजे स्टँडच्या वर खोडाला बांधलेली आणि खाली बुंध्यापर्यंत आलेली दोरी. तिच्यावर प्रुसिक गाठ असते. हार्नेसचा टेदर त्या गाठीला जमिनीवर उभं असतानाच अडकवायचा आणि चढताना गाठ आपल्याबरोबर वर सरकवत न्यायची. झटका बसला की गाठ दोरीवर आवळते. बसल्यावर ती डोक्याच्या वर ठेवा, टेदरमध्ये ढील नको. ढील जितकी जास्त, तितकं जास्त पडणं आणि परत स्टँडवर येणं तितकं अवघड. पाय जमिनीवरून उठल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेले असलेच पाहिजेत. वर गेल्यावर अडकवू म्हणणाऱ्याने चढण्याचा सगळा धोका उघड्यावर घेतलेला असतो.

हार्नेस पूर्ण अंगाचा, पायांच्या पट्ट्यांसकट. नुसता कमरेचा किंवा छातीचा पट्टा नको, पडल्यावर तोच गळा-पोट आवळतो. चांगल्या हार्नेसबरोबर सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप मिळतो. माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला तर पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्या पट्ट्याच्या फासात पाय टाकून उभं राहता येतं आणि रक्ताभिसरण चालू राहतं. तो खिशात घडी घालून ठेवू नका, हाताला लागेल असा ठेवा, आणि घरामागे दोन फुटांवर लटकून तो वापरून बघा. शेजारी कुणीतरी उभं पाहिजे. फोन छातीच्या खिशात, कारण लटकलेल्या अवस्थेत पाठीवरची पिशवी गाठता येत नाही. धनुष्य खांद्याला लावून चढू नका. वर बसून, बांधून घेऊन, मग दोरीने ओढून घ्या, बाणांची पाती क्विव्हरमध्ये (भात्यात) झाकलेली.

उंचीबद्दल बरेच वाद ऐकाल. 15 ते 18 फूट तुम्हाला पुरे. वर गेल्याने हरणाच्या सरळ नजरेतून आपण सुटतो आणि वासही काहीसा वरून जातो, पण बाणाचा कोन तीव्र होतो. 20 फुटांवरून 25 यार्डांवरच्या हरणाकडे तुम्ही साधारण 15 अंश खाली बघता, तेच हरीण 5 यार्डांवर आलं तर कोन 50 अंशांच्या पुढे जातो. इतक्या तीव्र कोनात बाण एकाच फुप्फुसातून जाण्याची शक्यता वाढते, आणि असं हरीण खूप लांब जातं, कधी सापडतच नाही. आपल्या हातून जनावराचे हाल होऊ नयेत ही काळजी शिकाऱ्याने स्टँडची उंची ठरवतानाच घ्यायची असते. सरावही मैदानावर उभं राहून पुरत नाही. हार्नेस घालून, उंचावरून, कमरेत वाकून बाण मारा.

आडोशाचं एक सांगते. सप्टेंबरात हिरव्या पानांत लपलेली जागा नोव्हेंबरात उघडी पडते, आणि नर माद्यांच्या मागे फिरायला लागतात ती धामधूम आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. कोवळे ओक आणि बीच वाळलेली पानं बराच काळ धरून ठेवतात. पाठीमागे असं काही असेल तर तुमची आकृती वेगळी उठून दिसत नाही. लॅडरचा सांगाडा मोठा दिसतो म्हणून तो ऑगस्टमध्येच लावा, हरणांना सवय होऊ द्या. आणि त्याच दिवशी आसनाची बिजागरी, पायरीवर आपटणारं बकल, दांडीला घासणारी साखळी, जे जे वाजतं त्यावर कापडी टेप गुंडाळा. धातूचा एक टणत्कार थंडीत फार लांब जातो.

वारा मात्र स्टँडपेक्षा मोठा. आपल्याकडे वारा बऱ्याचदा पश्चिम-वायव्येकडून असतो, तेव्हा हरणांच्या वाटेच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला बसायचा बेत करा. पण उतारावर उन्हाची हवा वेगळी चालते: सकाळी ऊन तापलं की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे उतरते. ओढ्यालगतची जागा संध्याकाळी म्हणूनच फसवी. वारा उलटा असेल त्या दिवशी त्या स्टँडवर जाऊ नका, घरी बसलात तरी चालेल. एकाच लॅडरची ही खरी मर्यादा आहे. मित्राच्या वडिलांची परवानगी असेल तर दुसऱ्या वाऱ्यासाठी शेताच्या दुसऱ्या बाजूला एक साधा पॉप-अप ग्राउंड ब्लाइंड, म्हणजे जमिनीवर उभा करायचा तंबूसारखा आडोसा, लावा. आत काळे कपडे घालून बसलात की गुडघाही सुखी आणि पडायचाही प्रश्न नाही.

गेम लँडचं थोडक्यात. स्टँड हरणाच्या पहिल्या हंगामाच्या दोन आठवडे आधी लावता येतं आणि शेवटचा हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांत काढावं लागतं. त्यावर तुमचं नाव-पत्ता किंवा परवान्यावरचा ग्राहक क्रमांक लागतो. झाडात स्क्रू-खिळे चालत नाहीत. मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमधला कुणी हे वाचत असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत, त्या वर्षीची पुस्तिका बघा. बंदुकीच्या हंगामात, जो 2019 पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी सुरू होतो, डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी रंग अंगावर हवा. हरणाला नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, त्यामुळे जीन्स घरीच ठेवा. आणि तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी केंद्रीय कायदा वकिलाकडून समजून घ्या. त्यात वैध शिकार परवान्याचा अपवाद आहे, पण तो ऐकीव माहितीवर वापरण्यासारखा नाही.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय, की मराठी माणसाने हरणं मारणं शोभत नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मलाही मनापासून वाटतं. पेनसिल्व्हेनियात लांडगे उरलेले नाहीत, हरणं वाढली की रानातली रोपं उगवता उगवता खाऊन टाकतात आणि ओकची नवी पिढी उभीच राहत नाही. इथे परवाना, ठरलेला हंगाम आणि मादीसाठी वेगळी परवानगी अशी घडी बसलेली आहे. त्या घडीत राहून, मिळालेलं मांस वाया न घालवता शिकार करणं मला योग्य वाटतं.

तर आधी हार्नेस आणि 30 फुटी लाइफलाइन घ्या, उरलेल्या पैशांत लॅडर. सेकंडहँड लॅडर चालेल, जुने पट्टे मात्र फेकून नवे लावा. सेकंडहँड हार्नेस कधीच नको: लेबलवर तारीख असते, उत्पादनापासून पाच वर्षांनी किंवा एकदा पडणं झेलल्यावर तो बाद. हंगाम संपला की झाडाचे पट्टे सैल करा. झाड वाढतं, पट्टा आवळत जातो आणि उन्हाने सडतो, वर खारी कुरतडतात ते वेगळंच.

खरेदीच्या आधी एका शनिवारी टेप घेऊन जमिनीवर फिरून या. आवडलेल्या तीन-चार झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजा, झाड कुठलं आहे, जिवंत आहे का, हरणांची वाट त्याच्या कोणत्या दिशेला आणि किती पावलांवर आहे, आणि गाडी लावून तिथे ती वाट न ओलांडता जाता येतं का, एवढं टिपून आणा. फोटोंसकट इथेच टाका, त्यातलं कोणतं घ्यायचं ते बघू.